ट्रिप

जुन्या कॅलेंडरचा मे महिना पालथा घालून
मी त्याच्या पाठीवर रस्ता काढतोय.
कुडचडे. मोले. अनमोडचा घाट.
पुढे गणेशगुडी, दांडेली, यल्लापूर.
मग पेन्सिल अडते,
तिथून पुढे मी गेलेलोच नाही.

खरे तर मी कुठेच गेलेलो नाही.

एकोणीस वर्षे ट्रक चालवला,
रिवणची खाण ते कापशेंचा धक्का,
अठरा जायचे, अठरा यायचे,
जाताना भरून, येताना रिकामे.
आम्ही त्याला ट्रिपच म्हणायचो.
"आज किती ट्रिपा मारल्यास, पुंडलिक?"
पाच. कधी सहा,
मुकादम डोळे मिटून बसला तर.

शेजारच्या सेड्रिकने फोनवर हिशेब केला:
काका, तू पृथ्वीला एकवीस फेऱ्या मारल्यास.
मारल्या असतील.
पण काचेतून दरवेळी दिसायची तीच
धुळीने लाल झालेली फणसाची झाडे
आणि पुढच्या ट्रकचे
ताडपत्रीतून माती सांडणारे ढुंगण.

खाण बंद झाली तेव्हा
ट्रक चार पावसाळे अंगणात उभा राहिला.
हौद्यात पेरू उगवला, त्याला फळेही धरली.
मग भंगारवाल्याने वजनावर नेला.
काट्याची चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे,
का ठेवली, विचारू नका.

आता केपेंच्या पोदेराकडून घेतलेली व्हॅन,
सीटखाली अजून पावाचा वास.
रत्नमालेची यादी माझ्या रस्त्याहून लांब:
उकडे तांदूळ, मिश्कूट, स्टोव्ह, दोन चादरी,
लिंबे एक डझन, कारण घाटात तिला मळमळते.
"वाघ दिसेल?" तिने विचारले.
नशिबात असेल तर दिसेल.
"नशिबातला नको. लांबचा बघ."

भद्रेच्या जंगलात एक रात्र, नागरहोळेत दोन.
कुद्रेमुखला गवताचे डोंगर आहेत म्हणे,
नुसते गवत, खाली काही न काढलेले.
(तिथेही खाण होती, सेड्रिक म्हणाला,
बंद झाली. मी पेन्सिलीला टोक केले.)

बंदीपूरपाशी तो वाचून दाखवतो:
रात्री नऊ ते सकाळी सहा रस्ता बंद.
का?
"जनावरांना ओलांडायचा असतो."

आमच्या रस्त्यावर रात्रपाळी असायची.
एकदा पहाटे, दिव्यांच्या झोतात,
एक साळिंदर, काटे फुलवून,
रस्त्याच्या मधोमध उभे.
मागे अकरा ट्रक, अकरा हॉर्न.
मी थांबलो नाही.
ट्रिप चुकली असती.
घरी येऊन टायर धुतला,
रत्नमालेला सांगितले, चिखल होता.

बंदीपूरभोवती मी गोल काढला,
बाजूला लिहिले: नवाच्या आधी थांबणे.
मग "आधी"खाली रेघ मारली. मग अजून एक.

काल व्हॅनमध्ये हवा भरायला निघालो, दोघे.
फाट्यावर माझ्या हाताने आपणहून
डावा इंडिकेटर दिला,
टिक, टिक, टिक,
पंप उजवीकडे होता.
मागून स्कूटरवाला ओरडला.
ती लिंबू हुंगत होती, म्हणाली,
"वळ की. मी कुठे बघितलाय तुझा धक्का?"

एकोणीस वर्षांत खरेच बघितला नव्हता.

पाणी होते, शांत, मातकट.
एक गंजलेला पट्टा, त्यावर खंड्या.
कठड्याला दोर बांधायच्या जागी
दोराने झिजून झालेली खोबण.
तिने तिच्यात बोट घालून पाहिले.
"एवढेच?"
एवढेच.
"आणि तू इथे येऊन रोज
पुन्हा मागे फिरायचास?"
मी उत्तर दिले नाही, तिला ते नकोच होते.
आम्ही एक लिंबू चोखून संपवले.

रात्री पाहिले तर कॅलेंडरच्या पाठीवर,
कुडचडे आणि मोले यांच्यामध्ये,
तिच्या किरट्या अक्षरात, डॉटपेनने,
खोडता येऊ नये असे:
कापशें. पाहून झाले.